पावणेचार मिनिटांचं कुलूप

चंद्रकांत आठल्ये यांनी आयुष्यात एकदाच कुलूप फोडायचा प्रयत्न केला. तोही स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपाटाचं, शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता, अकरा साक्षीदारांसमोर. ज्या माणसाने एकतीस वर्षं बँकेचा लॉकर विभाग सांभाळला आणि रजिस्टरवर सही घेतल्याशिवाय स्वतःच्या सासऱ्यांनाही आत सोडलं नाही, त्याच्यावर ही पाळी यावी! लोक अशा वेळी नशिबाला दोष देतात. आठल्यांनी तो सिनेमाला दिला, आणि माझं मत विचाराल तर त्यांचं अगदीच चुकलं नाही.

सिनेमाचं नाव ‘पौने चार मिनट’. चार पुरुष आणि एक बाई अशी धंदेवाईक चोरांची टोळी, सगळे देखणे, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, आणि टोळीच्या उस्तादाची ख्याती अशी की कुठलंही कुलूप तो केसांच्या पिनेने पावणेचार मिनिटांत उघडतो. आठल्यांच्या मुलाने, ओंकारने, आधीच्या रविवारी आपल्या आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांची तिकिटं काढली होती. सुरतेतल्या कोसाडच्या त्या सोसायटीत आठल्यांचं एकच घर सांगलीकडचं. बाकी जिन्यात सगळं खानदेश राहायला आलेलं. समोरच्या दारात शालिग्राम, पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापडाचे रंग जमवणारा मास्तर, आणि त्याची बायको मालतीबाई. वरच्या मजल्यावर धुडकू, बमरोलीच्या लूम कारखान्यात माग दुरुस्त करणारा. आणि त्याची आई धुरपदाबाई, जिच्या शब्दाबाहेर सोसायटीत पाण्याचा टँकरसुद्धा वळत नसे.

सिनेमा आठल्ये अर्ध्यापर्यंत शांतपणे पाहत होते. मग उस्ताद बँकेत शिरला, लॉकरसमोर उकिडवा बसला, टोळीतल्या बाईच्या केसांतली पिन त्याने मागून घेतली आणि लॉकरच्या भोकात घातली. आठल्ये खुर्चीत अर्धे उठले. लॉकरला चाव्या लागतात दोन. एक गिऱ्हाइकाची, एक बँकेच्या कस्टोडियनची. दोन्ही फिरल्याशिवाय ब्रह्मदेवाच्या बापाला तो उघडत नाही. आणि इथे हा मनुष्य एकाच भोकात पिन घालून घाम पुसत बसलेला! पडद्यावर कर्रकन दार उघडलं. थिएटरने शिट्ट्या मारल्या. आठल्ये पूर्ण उठले आणि भर थिएटरात ओरडले, "दुसरी चावी कुठंय? कस्टोडियनची चावी कुठंय?"

"काका, बेसी जाव ने!" मागून कुणीतरी म्हणालं.

काका बसले नाहीत. तडक बाहेर गेले आणि सिनेमा संपेपर्यंत पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी, एकही दाणा न खाता, निषेध म्हणून उभे राहिले.

परतताना रिक्षात, जिन्यात, आणि पुढचे सहा दिवस जिथे चार माणसं भेटतील तिथे त्या सिनेमावर मतं निघाली. गंमत म्हणजे एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं, पण आठल्ये सोडून सगळ्यांना सिनेमा आवडला होता.

शालिग्रामला त्यातली शिस्त आवडली. "साहेब, पाच माणसं, पण एकानं दुसऱ्याला फोन करून ‘कुठंपर्यंत आलं’ विचारलं का? नाही. आमच्या खात्यात चौदा जण आहेत. अशी पाच मिळाली ना, तर एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी न जुळणं बंद होईल." चोरांना कामावर घ्यायची त्याची खरोखरच तयारी दिसत होती.

मालतीबाईंना उस्तादाची रीतभात आवडली. चोरीला शिरताना त्याने दाराबाहेर बूट काढले होते. "आमच्याकडे हे पलसाण्याहून येतात ते रंगाच्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या, आणि शालिग्रामने विषय पावसाकडे वळवला.

धुडकूचा आक्षेप फक्त तांत्रिक होता. "साहेब, त्यानी तीन नंबरना पेचकस लिधा. पेच दोन नंबरना व्हता. बाकी पिच्चर झकास."

धुरपदाबाईंचं दुःख वेगळंच. "सगळा पिच्चरमा कोनी एक भाकर खादी नही. उपाशी मानूस चोरी कशी करी?" असं म्हणून त्यांनी त्या पाच चोरांसाठी खरोखर उसासा टाकला.

ओंकारचं म्हणणं, "बाबा, तुम्ही लॉजिक शोधत बसता. जलसा करायचा! आणि शेवट न बघता मत कसलं देता? शेवटातच तर सगळं आहे."

"मला शेवट सांगायचा नाही!" आठल्ये कडाडले. "ज्याच्या मध्यालाच चावी नाही, त्याच्या शेवटाला काय असणार?"

"मी नाहीच सांगणार. शेवट सांगायचा नसतो," ओंकार म्हणाला. आणि हे व्रत सोसायटीने इतकं कडक पाळलं की आठ वर्षांच्या पोरीसुद्धा आठल्ये दिसले की तोंडावर हात ठेवून पळायच्या.

सुधाताईंना, म्हणजे आठल्यांच्या पत्नीला, काय वाटलं हे कुणी विचारलंच नाही. शेवटी त्यांनी आपणहून सांगितलं. "मला त्यातली ती बाई आवडली."

"कुठली? पिन देणारी? तिने केलं काय?"

"काही नाही," असं म्हणून सुधाताई हसल्या आणि कुकर लावायला गेल्या.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे जे झालं त्याचं गांभीर्य कळायचं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाचा मुखवटा, त्याला चांदीचे डोळे, नाकात नथ, गळ्यात माळ. रात्रभर गाणी, गव्हाच्या जाड रोटाचा प्रसाद, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर निरोप. सोसायटीची कानबाई खाली पार्किंगमध्ये बसायची. तिचे दागिने पूर्वी बँकेच्या लॉकरात असत, पण एका वर्षी नेमका शनिवार सुट्टीचा निघाला आणि कानबाई विनानथीची बसते की काय अशी वेळ आली. तेव्हापासून धुरपदाबाईंनी ठरवून टाकलं होतं की दागिने आठल्येसाहेबांच्या कपाटात राहतील. "साहेब बँकवाला शे. त्याना घरमा म्हनजे बँकमाच."

हे वाक्य आठल्यांनी काळजात जपून ठेवलं होतं. निवृत्त माणसाला सकाळी दूध आणि संध्याकाळी भाजी यापलीकडे कुणी काही आणायला सांगत नाही. परक्या मुलखातली, परक्या बोलीतली माणसं आपल्या देवीचे दागिने विश्वासाने हाती देतात, हे एकच पद आता त्यांच्याकडे उरलं होतं. म्हणून ते त्या लोखंडी कपाटाची चावी जानव्याला बांधून छातीवर बाळगत. दुसरी चावी? ती बँकेच्या शिस्तीप्रमाणे सर्वांत सुरक्षित जागी होती. म्हणजे त्याच कपाटाच्या चोरकप्प्यात. मोठ्या माणसांच्या चुकासुद्धा नियमाला धरून असतात, त्याला आपण काय करणार?

तर शनिवार. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची. आठल्यांचा हॉल मोठा, म्हणून जिन्यातल्या बायका तिथे सुपं घेऊन रोटाचे गहू निवडायला बसल्या होत्या. धुरपदाबाई मध्यभागी, मालतीबाई शेजारी. पुरुष मंडळी चहाच्या आशेने दाराशी. गहू निवडता निवडता बोलणं पुन्हा सिनेमावर आलं, आणि मालतीबाई सहज म्हणाल्या, "काही म्हणा, पण पिनेनं कुलूप उघडत असेल हां. माझ्या माहेरी एकानं सायकलचं उघडलं होतं."

आठल्ये पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून खाली ठेवला. घडी अगदी कडेला कड लावून केली, तेव्हाच सुधाताईंनी ओळखलं की आता काही खरं नाही.

"मालतीबाई, पिन द्या," ते म्हणाले.

"आँ?"

"तुमच्या केसांतली पिन. आज या विषयाचा सोक्षमोक्ष लावू. हे माझं कपाट. हे मी सर्वांसमोर कुलूपबंद करतो. ओंकार, मोबाइलवर पावणेचार मिनिटं लाव. येऊ दे कुणाला यायचं ते पुढे!"

कुणीच पुढे येईना. देवीचे दागिने ज्यात आहेत त्या कपाटाला पिन लावायची कुणाची छाती? आठल्यांनी दोन वेळा पुकारा केला. मग, प्रात्यक्षिक अडू नये म्हणून, त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ते स्वतःच कपाटासमोर उकिडवे बसले. कस्टोडियनही तेच आणि चोरही तेच.

"बूट काढा," मालतीबाई म्हणाल्या.

"मी घरात बूट घालत नाही!" असं म्हणत आठल्यांनी पिन भोकात सारली.

पहिलं मिनिट शांततेत गेलं. दुसऱ्या मिनिटाला शालिग्राम गुडघ्यावर वाकून, "साहेब, जरा डावीकडे... त्यानं डावीकडे वळवली होती," असं हळूच सांगू लागला. धुडकूने पिनेचा नंबर विचारला. तिसऱ्या मिनिटाला आठल्यांना स्वतःलाच वाटू लागलं की आत काहीतरी हलतंय, आणि, मी खरं तेच सांगतो, त्या क्षणी त्या सज्जन माणसाच्या मनात कुलूप उघडावं अशीच इच्छा होती. त्यांनी जोर लावला. टक्कन आवाज झाला. पिनेचं अर्धं त्यांच्या हातात आलं आणि अर्धं आत राहिलं.

"पावणेचार!" ओंकार ओरडला.

आठल्ये उठले. गुडघे कुरकुरले, पण चेहऱ्यावर विजय होता. अर्धी पिन त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवली. "पाहिलंत? नाही उघडत! सिनेमा खोटा!"

टाळ्या पडल्या. शालिग्रामनेही वाजवल्या. गेले सहा दिवस ज्या क्षणाची आठल्ये वाट पाहत होते तो हा क्षण, आणि तो साधारण अर्धा मिनिट टिकला. कारण टाळ्या थांबल्यावर धुरपदाबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "बरं. आते ती नथ काढी द्या साहेब. मी रिठाना पाणीमा धुई लेस."

हॉलमध्ये गव्हाचा दाणा पडला असता तरी ऐकू आला असता. तसे ते पडतही होते, मालतीबाईंच्या तिरक्या झालेल्या सुपातून.

आठल्यांनी जानव्याची चावी काढली आणि भोकात घालायला गेले. ती अर्धीच जाईना. आत पिन बसली होती. त्यांनी चावी ठोकली. ती थोडी शिरली. "जोर नका लावू," सुधाताई म्हणाल्या. पण एवढ्या टाळ्या मिळालेला माणूस बायकोचं ऐकेल कसा? त्यांनी दोन्ही हातांनी चावी फिरवली. पुन्हा टक्कन आवाज झाला. आता त्यांच्या एका हातात अर्धी पिन होती आणि दुसऱ्या हातात अर्धी चावी.

"माय वं!" धुरपदाबाई म्हणाल्या. "कानबाईना नाक उघडं ऱ्हाई आते!"

यानंतर सल्ल्यांचा जो पूर आला तो तापीला कधी आला नसेल. एकीने खोबरेल ओतायला सांगितलं, आणि ओतलंसुद्धा. एकाने कपाट उलटं करून आपटायला सुचवलं. शालिग्रामने कारखान्यातून गॅस कटर आणू का विचारलं. त्यावर धुडकूने नथ मोत्याची आहे आणि मोती भाजून खायची वस्तू नाही, याकडे लक्ष वेधलं. कुणीतरी बाजारातून नवी नथ आणू म्हटलं, तेव्हा धुरपदाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो चहा न घेताच गेला. ती नथ धुळ्याकडून त्यांच्या सासूबरोबर आलेली. सुरतेत पहिली कानबाई बसली ती खोलीत, दहा बाय दहाच्या, तेव्हापासून तीच नथ.

संध्याकाळी ओंकार अमरोलीहून एका चावीवाल्याला घेऊन आला. त्याने कपाटाकडे पाहिलं, आठल्यांकडे पाहिलं, आणि पेटी न उघडताच विचारलं, "काका, कपाट तमारुं छे?"

"म्हणजे काय! माझंच!"

"तो बिल बतावो. आधार बतावो. पछी हाथ लगाडुं."

बिल कपाटात होतं. आधार कार्ड कपाटात होतं. पॅन, पासबुक, घराचे कागद, लग्नाचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये, फाइलवर विषयवार चिठ्ठ्या लावून, कपाटात होतं. कपाट आपलं आहे हे सिद्ध करणारी प्रत्येक गोष्ट आठल्यांनी कपाटातच ठेवली होती. एकतीस वर्षं लोकांना ओळखपत्र मागणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा कळलं की ते मागितल्यावर कसं वाटतं.

"एवढे लोक सांगतायत ना!" शालिग्राम म्हणाला.

चावीवाल्याने त्या एवढ्या लोकांकडे पाहिलं. "पिच्चरमां पण पांच जण हता," तो म्हणाला. त्यानेही तो सिनेमा पाहिला होता, दोनदा, आणि त्याचं मत असं की सिनेमामुळे चावीवाल्यांच्या धंद्याची इज्जत वाढली, पण जोखीम त्याहून वाढली. सोसायटीच्या चेअरमनचं पत्र आणा, तो म्हणाला, सकाळी येतो.

चेअरमन म्हणजे गजेंद्र, खालच्या मजल्यावरचा, टेक्स्टाइल मार्केटमध्ये हिशेबनीस. रविवारी सकाळी आठल्ये त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला की पत्र देण्याआधी प्रकरण समजून घ्यावं लागेल. प्रकरण समजायला सिनेमा समजायला हवा, आणि त्याने तो पाहिलेला नव्हता. तेव्हा आठल्यांना त्याच्या सोफ्यावर बसून, नाक मुरडत, त्या सिनेमाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. गोष्ट पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी येऊन थांबली तेव्हा गजेंद्र पुढे सरसावून बसला होता.

"मग? शेवटी काय होतं?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? मग मी सही कशावर करू?"

अखेर पत्र झालं. पण गजेंद्र पडला काटेकोर माणूस. त्याने लिहिलं, ‘श्री. आठल्ये यांनी सोसायटीच्या देवीचे दागिने असलेले कपाट दि. शनिवार रोजी केसांच्या पिनेने फोडण्याचा प्रयत्न केला, हे सत्य आहे.’ खाली सही, त्यावर शिक्का. चावीवाल्याने ते ओंकारकडून वाचून घेतलं, कागद दोन बोटांनी परत दिला आणि पेटी उचलली. "आ तो केस थई जाय, काका. सोमवारे बीजुं लखावी राखजो." दुसरं पत्र, आणि तेही सोमवारी! कानबाई सोमवारी सकाळी तापीवर जायची.

दुपारचे दोन वाजले. खाली पार्किंगमध्ये मांडव सजत होता, केळीचे खांब बांधले जात होते. आठल्ये कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना जेवण गेलं नव्हतं. कुणी त्यांना बोल लावत नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना. धुरपदाबाई वर येऊन त्यांच्यापाशी उभ्या राहिल्या, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या वर्षी दागिने दुसऱ्या कुणाकडे ठेवा. मी त्या लायकीचा नाही."

 धुरपदाबाईंनी मागे वळून फक्त हाक मारली. "धुडकू! वर ये रे. तुना तो हूक लई ये."

मागाच्या फणीतून सुताचा एकेक धागा ओढायला एक पातळ, चपटा हूक असतो. नखाएवढी जाड पट्टी, टोकाला बारीक खाच. धुडकूने आयुष्यात त्या हुकाने किती लाख धागे ओढले असतील ते देव जाणे. त्याने कपाटासमोर बसकण मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हूक भोकात सोडला. शालिग्रामने टॉर्च धरला, बरोबर तिथे जिथे हवा होता. मालतीबाईंनी खाली रुमाल धरला. ओंकार कपाट हलू नये म्हणून मागून टेकला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी कुणाला ‘कुठंपर्यंत आलं’ विचारलं नाही. आणि धुरपदाबाईंनी मध्येच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा धुडकूच्या तोंडात घातला, कारण उपाशी माणूस काम कसं करणार?

पहिल्यांदा पिन आली. मग, बऱ्याच वेळाने, खोबरेलात माखलेलं चावीचं टोक टप्पकन रुमालात पडलं.

सगळ्यांनी जल्लोष केला, आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. भोक मोकळं झालं होतं, पण चावी कुठे होती? एक मोडलेली रुमालात. दुसरी चोरकप्प्यात. आठल्यांनी डोळे मिटले.

सुधाताई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मालतीबाईंकडे पाहिलं. मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणा आता," सुधाताई म्हणाल्या.

मालतीबाई समोरच्या घरात गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यातली एक त्यांनी काढून सुधाताईंना दिली. सुधाताईंनी ती भोकात घातली, किंचित वर उचलली, डावीकडे फिरवली. कपाट उघडलं.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी ढोलकी लावून बघत होतं.

"ही... ही कुठली चावी?" आठल्यांनी विचारलं.

"आमच्या कपाटाची," मालतीबाई पुटपुटल्या. "एकाच दिवशी घेतली ना दोन्ही, धनत्रयोदशीला. दोन एकदम घेतली म्हणून त्यानं आरसे फुकट लावून दिले. कुलपं बी सारखीच लावली मेल्यानं."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"सहा वर्षं झाली," सुधाताई म्हणाल्या. "तुम्ही चावी गळ्यात घालून फिरायला जायचात. हळदीकुंकवाला साडी नेसायची, तर काय तुम्ही यायची वाट बघत बसू? एकदा सहज मालतीबाईंची लावून पाहिली."

"सहा वर्षं! मग मला सांगितलं का नाही?"

सुधाताईंनी मोडकी चावी रुमालातून उचलून पदराला पुसली. "तुम्ही किती ऐटीत घालायचात हो ती. आंघोळीलासुद्धा काढत नव्हतात. म्हटलं, असू दे. कालसुद्धा सगळ्यांसमोर नव्हतं सांगायचं. पण आता कानबाईचा प्रश्न आला."

आठल्यांना आधी राग आला, मग प्रचंड लाज वाटली. आणि मग, दोन्ही ओसरल्यावर, त्यांना हिशेब लागला. सहा वर्षं ही बाई त्यांची ऐट सांभाळत होती, आणि तेही रजिस्टरवर एकही सही न घेता.

तेवढ्यात ओंकार ओरडला, "बाबा! हाच शेवट आहे! अगदी हाच!"

"कसला?"

"पिच्चरचा!" शालिग्राम, धुडकू आणि मालतीबाई एकदम म्हणाले, आणि लगेच तिघांनी तोंडावर हात ठेवले.

त्या संध्याकाळी कानबाई वेळेवर बसली. नथ रिठ्याच्या पाण्याने धुऊन लखलखत होती. तिला थोडा खोबरेलाचा वास येत होता, पण देवी समजूतदार. गजेंद्रने आरतीआधी आठल्यांना बाजूला घेऊन पत्राची दुरुस्त प्रत देऊ केली. आठल्यांनी ती घडी करून खिशात ठेवली, कडेला कड न लावता.

सोमवारी निरोप देऊन मंडळी तापीवरून परतली तेव्हा आठल्ये दार लोटून घरातच बसून राहिले. दागिन्यांचं गाठोडं आता कुणाच्या घरी जातं ते डोळ्यांनी बघायला नको, म्हणून. पण दार वाजलं. धुरपदाबाई होत्या, ओल्या पायांनी, हातात लाल फडक्यातलं गाठोडं.

"ठेवा साहेब."

"अहो, पण आता तर माहीत झालंय... समोरच्या चावीने हे कपाट उघडतं."

"मंग? तुमनी चावी तं मोडी गई, पन ती कप्पामानी निंघनी ना? म्हनजे दोन व्हयन्यात. एक तुमनी, एक मालतीनी." धुरपदाबाईंनी गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं. "बँकमा बी दोनच ऱ्हातस, असं तुम्हीच सांगतस ना आठ दिवसपासून?"

आठल्यांनी गाठोडं छातीशी धरलं. मग त्यांनी समोरच्या दाराकडे पाहून हाक मारली, "मालतीबाई, जरा चावी घेऊन या. दागिने आत ठेवायचेत. तुम्ही असल्याशिवाय यापुढे हे कपाट उघडणार नाही." आणि मालतीबाई आल्यावर त्यांनी एक वही काढून तिच्यात त्यांची सहीसुद्धा घेतली.

मंगळवारी ते सुधाताईंना घेऊन ‘पौने चार मिनट’ला गेले, दोघंच. उस्ताद उकिडवा बसला, पिन घातली, कुलूप उघडलं. आठल्ये मुठी आवळून गप्प राहिले. पॉपकॉर्नचा काउंटर जिथे सुरू झाला होता तो भाग आला, आणि गेला. आणि अगदी शेवटी, चोर मंडळी उस्तादाची पाठ थोपटत गाडीत बसली असताना, मागच्या सीटवरच्या त्या बाईने पर्स उघडली. पिनेने काही उघडलंच नव्हतं. तिने आदल्या दिवशीच येऊन कुलूप काढून ठेवलं होतं, आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या तळहातावर एका कडीत अडकवलेल्या चाव्या होत्या. एक, आणि शेजारी दुसरी.

आठल्ये ताडकन उभे राहिले. "दोन!" त्यांचा आवाज थिएटरभर घुमला. "बघा! दोन आहेत! दोन!"

"काका, बेसी जाव ने!" मागून कुणीतरी म्हणालं.

काका बसले. सुधाताईंनी पडद्यावरची नजर न काढता पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्याकडे सरकवला.